आधी पेज

शेजारची फ्रान्सिस्का पेज आणि लोणचे घेऊन सकाळीच दारात उभी राहिली, तेव्हा बाबू परबांच्या मनात पाल चुकचुकली. अंगणातील वाटेच्या तंट्यापायी तीन वर्षे उभय घरांत अबोला होता, आणि उद्याच मोजणीदार येणार होता.

"वाट होयी तर सरळ माग. पेज दाखवून माका फसवू नको."

"आधी जेवा, बाबूभाऊ. मगे सांगतंय."

पत्नी सत्यवती चार दिवसांपासून कुडाळच्या इस्पितळात, मुलगा ओमकार तिच्या उशाशी. घरात चुलीकडे पाहणारे कोणी नव्हते. अखेर भुकेपुढे संशयाने हार पत्करली. तथापि घोटागणिक त्यांची दृष्टी तिच्या पदराआड एखादा कागद दडला आहे काय, याचा शोध घेत राहिली.

"आणखी वाढू?"

"पुरे. आता बोल, खंय सही करू?"

फ्रान्सिस्काने उष्टे भांडे बाजूला सारले आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"वयनी गेली, बाबूभाऊ. ओमकारान पहाटे माका फोन केल्यान. आधी सांगितलंय असता, तर तुमी आज पाण्याकसुद्धा तोंड लावला नसतास."