मोरीत ओतलेला चहा

भोंगा वाजला तरी कॅन्टीनमधलं कुणी उठलं नाही. त्या काळी रसायनांच्या त्या कारखान्यात गळतीचा सराव म्हणजे आवारातल्या चिंचेखाली उभं राहून कॅन्टीनवाल्या शेवंतामावशींचा चहा पिणं. मागच्या सरावात तर सुरक्षा अधिकारी टिळेकर स्वतः बेशुद्धीचं सोंग घेऊन स्ट्रेचरवर झोपले होते.

त्या दिवशी मात्र ते धापा टाकत दारात आले. "उठा रे, शेजारच्या टाकीतून अ‍ॅसिड सांडतंय. बाहेर पळा."

"साहेब, आजचा खोकला अगदी खरा वाटतोय हं," बोंद्रे फिटर म्हणाले, तसे सगळे हसले. "मावशी, चहा घेऊन तुम्ही व्हा पुढे, आलोच आम्ही."

मावशींनी खिडकीतून पाहिलं. टाकीपाशी पिवळा धूर चढत होता आणि वारा कॅन्टीनकडेच वाहत होता. त्यांनी शेगडी विझवली, उकळत्या चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांच्या देखत मोरीत ओतलं.

अकरा वर्षांत मावशींनी चहाचा घोटही वाया घालवला नव्हता. ते पाहून बोंद्रेच आधी उठले आणि त्यांच्यामागे चाळीस माणसं धावत सुटली.

मुखवटे घातलेल्या पथकाने वाळू आणि चुना टाकून अ‍ॅसिड आवरलं. कुणाला साधं खरचटलंही नाही. चिंचेखाली टिळेकर म्हणाले, "मावशी, यापुढे सरावाला चहा बंद."

"नको साहेब. सरावाला चहा मिळू दे. ज्या दिवशी मिळणार नाही, त्या दिवशी पळायचं, एवढं आता त्यांना पक्कं कळलंय."