वर बर्फ, खाली घाम

लक्षण: फ्रीजरमध्ये दगडासारखा बर्फ. खालच्या खणाच्या भिंतींना घाम.

थोरलीने खालचं दार उघडलं, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. दूध परत नासलं होतं.

धाकटी जाऊ मुलीचे कपडे पिशवीत भरत होती. तिचा नवरा सकाळीच भाड्याची खोली बघायला गेला होता. खोली आवडली की तो फोन करणार, ही हो म्हणणार, आणि एका घराची दोन घरं होणार.

"फ्रीजच बिघडलाय," थोरली म्हणाली.

"वरचा मजला तर छान चाललाय, ताई."

वरचा मजला थोरलीचा, खालचा धाकटीचा. असं कुणी ठरवलं नव्हतं. थोरली आठवड्याच्या भाज्या चिरून गोठवून ठेवायची, धाकटीला मुलीचं दूध लागायचं, आणि होता होता तसं होऊन बसलं होतं.

थोरलीला मनापासून वाटत होतं की फ्रीज बिघडलेलाच असावा. यंत्र बिघडलं तर कुणीतरी येऊन दुरुस्त करतं. ते धडधाकट निघालं तर मग बिघडलंय ते दुसरंच काहीतरी, आणि त्याला मेकॅनिक मिळत नाही.

तपासणी, दार. कागदाचा कपटा फटीत धरून दार लावलं, कपटा ओढून बघितला. निघता निघेना. रबर शाबूत.

तपासणी, पाठ. फ्रीज भिंतीपासून ओढला, मागची जाळी पुसली. धुळीचा हा एवढा बोळा निघाला.

"घरात आल्यापासूनची पहिली आंघोळ," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

परत ढकलताना थोरलीला एकटीला जमेना. धाकटीने पिशवी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूने खांदा लावला. मदत म्हणून नव्हे. तिची जायची वाट अडली होती.

तपासणी, पंखा. इथे अडलं.

"गारवा वर तयार होतो आणि पंखा तो खाली ढकलतो," थोरली म्हणाली. तिने वरचे डबे काढून ओट्यावर मांडले होते. मागच्या भिंतीतल्या फटी मोकळ्या होत्या. "पण दार उघडलं की पंखा थांबतो."

"मग कळणार कसं?" धाकटीने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

चौकटीतलं छोटं बटण थोरलीने बोटाने दाबून धरलं. फ्रीजला वाटलं, दार लागलं. आत कुठेतरी पंखा गुरगुरला. तिने दुसरा हात खालच्या खणात, वारा यायच्या तोंडाशी नेला. वाराच नव्हता.

"वर तो गोल नॉब आहे ना, तो फिरव बरं जरा. माझे दोन्ही हात अडकलेत."

धाकटीने वर हात घातला. "हा तर शेवटाला टेकलाय. रोजच असतो."

"उलटा फिरव."

थोरलीच्या तळहातावर गार फुंकर आली.

"आता होता तिथे ने."

फुंकर गेली.

"परत उलटा."

आली.

थोरली तशीच वाकून राहिली. नॉब गारवा वाढवत नव्हताच. झालेल्या गारव्याची वाटणी करत होता. आणि रोज सकाळी, घर उठायच्या आत, तिने स्वतःच्या हाताने सगळा वाटा वर ठेवला होता.

"ताई? काय झालं?"

"तो मीच फिरवते," थोरली खणात तोंड घालूनच म्हणाली. "रोज. मला वाटलं, वर कडक गार झालं की तुझ्याकडे आपोआप उतरेल. तुझं दूध नासतं म्हणून गं."

"आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दामच…"

हे वाक्य धाकटीने पुरं केलं नाही. आपणही करायला नको.

"मीही खालचा, मशीन जोरात चालवायचा नॉब पूर्ण फिरवून ठेवलाय," ती म्हणाली. "तुमच्यावरच्या रागानं."

"म्हणून बिचारा फ्रीज बसता उठता घुरघुरतोय."

"विचारायला काय जीभ गोठली होती दोघींची?" सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

फोन वाजला. धाकटीचा नवरा नेहमीसारखा मोठ्याने बोलत होता, सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येत होतं. खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. पाणी दिवसभर असतं. मालक इथेच उभे आहेत. "हो म्हणू ना?"

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने ओट्यावरचा एक डबा उचलला, होता तिथेच परत ठेवला.

"उद्या सांगतो म्हणा," धाकटी म्हणाली.

"उद्यापर्यंत असं काय होणार आहे?"

"दूध ठेवतेय खाली. बघते."

"दूध? अगं, कसलं दूध?"

तिने फोन ठेवला. कोपऱ्यावरून ताजं दूध आणलं, तापवलं, निवल्यावर खालच्या खणात ठेवलं. वरचा नॉब मधोमध, खालचाही मधोमध. थोरलीने दार लावलं. क्षणभर उभी राहिली, मग न राहवून हात परत दाराच्या मुठीकडे गेला.

धाकटीने तिचं मनगट धरलं.

"सारखं उघडून बघू नका, ताई," ती म्हणाली. "आतल्या आत गार होऊ दे."