हिरवा दिवा लागंपर्यंत

विहिरीवरचा पंप फोनवरून चालवणारा डबा ठकूबाईच्या ओंकारनं पुण्यात बसून बनवला होता. गावी कापड्याला यायला त्याला सवड नसे, पण डब्यातला प्रोग्राम बदलायचा झाला, की फोन यायचा, "आये, बटन दाबून धर, हिरवा दिवा लागंपर्यंत सोडू नको." तेवढ्यात नातीच्या पडलेल्या दातापासून गाभण म्हशीपर्यंत सगळं बोलून व्हायचं.

परवा तो खुशीत म्हणाला, "आता डब्यातला बूटलोडर, म्हंजी प्रोग्राम बदलणारा भाग, आपला आपणच जुनं पुसून नवं लिहिणार, तुझा खोळंबा नाय. फक्त तांबडा दिवा लुकलुकताना लाईट गेली तर डबा मरंल, मग मलाच यावं लागंल."

आज तांबडा दिवा लुकलुकू लागला.



ठकूबाईनं मेन स्विच खाली ओढला आणि ओंकारच्या घावनांसाठी तांदूळ भिजत घातले.