सोळावा सोमवार

वादळाला अकरा दिवस झाले, तरी वाडीत वीज आली नव्हती. घरोघरी मनगटावरचे पट्टेच पोटातल्या अन्नाची वीज करत होते. शेजारच्या तात्यांचं श्वासाचं यंत्र आज कमलिनीकाकूंच्या पट्ट्यावर होतं. तात्यांची सून मृदुला काल वीज देता देता भोवळ येऊन पडली होती.

दुपारी यंत्र मंदावलं.

“काकू, जेवलात ना?” मृदुलानं विचारलं.

“सोमवार गं माझा. सोळावा. संध्याकाळी सोडायचा.”

“मग काढा पट्टा, मी लावते.”

“आधी नीट उभी तर राहा!”

काकूंनी नैवेद्याच्या चुरम्यावरचं झाकण काढलं. “महादेवा, पुन्हा पहिल्यापासून धरते,” म्हणत घास तोंडात घातला.

यंत्राचा आवाज हळूहळू सुरळीत झाला.

मृदुला पुटपुटली, “पुढच्या सोमवारी पट्टा माझ्या हाताला हं, काकू.”