उंबरझरीचं पाणी

यमुनाबाईंनी औषधांच्या काउंटरवरल्या खाचेत हनुवटी टेकवली. यंत्राचा निळा उजेड जबड्यावरून फिरला आणि दिवा लाल झाला.

"आजी, तुम्हाला दातांची पेस्ट नाही मिळणार," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तुमच्या हाडांत जन्मभर पुरून उरेल इतकं फ्लोराइड आहे. आणखी देता येत नाही."

"अगं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना! कोमट पाणी प्यायलं तरी कळ मस्तकात जाते."

"यंत्र चिठ्ठी मानत नाही, आजी."

शहराचं पाणी हल्ली इतकं गाळून येई की त्यात फ्लोराइडच उरत नसे आणि सगळ्यांचेच दात शिवशिवत. रांगेतल्या बाकी प्रत्येकाला पेस्टची नळी मिळत होती. यमुनाबाईंनी सवयीनं तोंडाला पदर लावला. या तपकिरी दातांपायी तीन स्थळांनी नकार दिला होता. माहेरच्या उंबरझरीतल्या हातपंपाचं पाणी! आख्खं गाव तेच प्यायलं आणि चाळिशीतच कमरेतून वाकलं. मग फ्लोराइड फार म्हणून पाणी विषारी ठरवून सरकारनं हातपंपाला लाल रंग फासला आणि गावच उठवलं.

मागच्या बाईनं नळी घेतली, तिथंच बोटानं पेस्ट दातांना चोळली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. रिकामं खोकं खाली पडलं. यमुनाबाईंनी ते उचलून चष्मा लावला.

'उंबरझरीच्या खोल झऱ्यांतलं नैसर्गिक फ्लोराइड.'

खाली हिरव्यागार हातपंपाचं चित्र होतं. पंपाखाली ओंजळ धरून एक खेडवळ पोर हसत होती. तिचे दात पांढरेशुभ्र होते.