आजोबांची लॅटिन वही

“अर्थ कुणालाच कळत नाही, मग गायचं कशाला?” वसईतल्या आमच्या चर्चमध्ये गाणी बसवणारा नवा मास्तर म्हणाला, आणि लॅटिन गाणी बंद झाली. आजोबांनी ती पन्नास वर्षं गायली होती, चर्चमध्ये आणि आपल्या केळीच्या वाडीतही. आपली जुनी वही काखेत धरून ते घरी आले आणि न जेवताच बसून राहिले. त्या वहीत शब्द लॅटिन होते, अक्षरं मात्र देवनागरी.

मी शाळेत भूगोल शिकवते. दुसऱ्या दिवशीच्या धड्यासाठी शब्दकोश चाळत होते. ‘माउंटन’ हा शब्द लॅटिन ‘मोन्स’, अनेकवचनी ‘मोन्तेस’, यावरून आलाय, असं मी त्यांना सहज म्हणाले.

“मोन्तेस?” आजोबांनी वही उघडली. “हे बघ, इथं आहे.”

मग आम्ही ‘व्हॅली’ शोधली. तिचा मूळ लॅटिन शब्दही वहीत होता, ‘फाउंटन’चासुद्धा. आजोबा बघतच राहिले. “म्हणजे केळींना पाणी सोडताना मी डोंगर, दऱ्या अन् झरेच गात होतो की गं!”

रविवारी ते थेट मास्तरासमोर उभे राहिले. “माउंटन शब्द कुठल्या भाषेतला, सांग बघू.”

“इंग्रजी.”

“इंग्रजांनी आमच्या गाण्यातला नेला तो!” आजोबांनी वही पुढे केली. आम्ही दोघांनी लॅटिन शब्दकोश घेऊन शोधलेला अर्थ आता प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने लिहिला होता.

मास्तरानं सगळी पानं वाचली. मग पेटी पुढे ओढली. “आजोबा, सूर कुठला देऊ?”

“सूर मी देतो,” आजोबा म्हणाले. “तू मागून ये.”