भिंतीवरचा पोपट

२०४३ सालच्या रथसप्तमीला, हळदीकुंकवात हे घडलं. साताऱ्याच्या त्या सोसायटीत तेव्हा मधुमेह असलेल्या सगळ्या बायकांचा मिळून एकच पोपट होता. तो सभागृहाच्या भिंतीवरच्या पडद्यात राहायचा आणि त्यांच्या दंडावरच्या चकत्यांमधून साखर वाचायचा. कुणी गोड खाल्लं की त्याचं एक पीस गळायचं. साखर उतरली की तो हिरवागार होऊन गायचा. सोसायट्यांमधला तो खेळच होता: रथसप्तमीला ज्यांचा पोपट सगळ्यांत हिरवा, त्या जिंकणार.

इंदुमती खेरडेकरांनी त्या दिवशी इन्सुलिन घेतलं होतं, पण तयारीच्या गडबडीत जेवण राहिलं. संध्याकाळी त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला. सून मृण्मयीनं तिळगुळाचा लाडू पुढे केला.

“आई, आधी हा खा. साखर फार उतरलीय तुमची.”

“पीस गळेल गं. सगळ्याजणी मलाच बोलतील.”

“चुलीत घाला तो पोपट!”

“वा गं सूनबाई! मग आम्ही इतके दिवस फिका चहा काय उगाच ढोसला?” हळदीकुंकू लावणाऱ्या शालिनीबाई टिपणीस हसून म्हणाल्या. “वहिनी, आज निकाल आहे. जरा कळ काढा.”

इंदुमतीबाईंनी लाडू परत केला. त्या कोसळल्या तेव्हा पोपट कधी नव्हे इतका हिरवा झाला होता, आणि गात होता.

त्या वाचल्या, पण त्यांची वाचा परत आली नाही. शालिनीबाईंनी पुन्हा कधी हळदीकुंकू केलं नाही. खेळही बदलला. आता साखर फार उतरली की पोपट स्वतःच गोड मागतो. मृण्मयी लाडू घेऊन धावते, आणि इंदुमतीबाई पोपटाच्या पिसांकडे बघत ओठ घट्ट मिटून घेतात.